नाक्यापुरता पट्टा

"अहो, इथून अलिबागला तर जायचंय. पट्टा कशाला?"

चौल नाक्यावरून गाडी सुटली की हा प्रश्न येतोच. विचारणारा काही अडाणी नसतो. कधी तो शाळेत शिकवणारा असतो, कधी बँकेतून निवृत्त झालेला, तर कधी मुंबईत रोज पट्टा लावून गाडी चालवणारा आणि शनिवारी वाडीवर आलेला चाकरमानी. तिकडे लावतो, इथे नाही. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "इथे कोण बघतंय?"

या तीन शब्दांत आपल्याकडच्या सीटबेल्टची निम्मी कहाणी आली. पट्टा पोलिसासाठी, पोलीस नाक्यावर, म्हणून पट्टाही नाक्यापुरता. वडखळचा नाका जवळ आला की चालक एका हाताने पट्टा ओढून छातीवर नुसता धरतो. खटक्यात अडकवायचे कष्टही घेत नाही. नाका मागे पडला की सोडून देतो. हे मी घरच्या माणसांना करताना पाहिलं आहे, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःही केलं आहे.

तेव्हा पोलीस क्षणभर बाजूला ठेवू आणि पट्टा नेमकं करतो काय, ते बघू. नाक्याकडे नंतर वळूच.

१. 'इथून तिथे' म्हणजे किती उंच?

लांब नव्हे, उंच. चूक टंकनाची नाही.

अलिबागपासून नागाव, चौल करत रेवदंड्यापर्यंतचा रस्ता सतरा-अठरा किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, रस्त्याला चिकटलेले दगडी गडगे, आणि अशी वळणं की समोरून सहा आसनी मिनिडोर रिक्षा येतेय की पर्यटकांची मोठी गाडी, हे ती नाकासमोर आल्यावर कळतं. इथे कोणी शंभरने जात नाही. ताशी पन्नास म्हणजे आपल्या हिशेबी बेताचा वेग.

आता या पन्नासचं उंचीत रूपांतर करू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. १४ गुणिले १४ केले की १९६. त्याला २० ने भागलं की जवळजवळ १०. याचा अर्थ असा, की दहा मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीवर ज्या वेगाने आदळेल, तोच हा वेग. दहा मीटर म्हणजे तीन मजले. आपल्या भाषेत सांगायचं तर वाडीतली चांगली वाढलेली पोफळ.

हेच गणित ताशी ४० ला सव्वासहा मीटर येतं, ६० ला चौदा मीटर आणि ८० ला पंचवीस मीटर. वेग चाळीसवरून ऐंशीवर, म्हणजे दुप्पट झाला, उंची मात्र चौपट. सगळी मेख इथेच आहे.

नारळ पाडायला येणारा पाडेली पायात दोरीचं वेटोळं अडकवून माडावर चढतो. त्याला कोणी म्हणत नाही, "अरे, हे काय, जवळचंच झाड आहे, दोरी कशाला?" झाड घरापासून किती लांब आहे याला पडण्याच्या दृष्टीने काही अर्थ नसतो. पन्नासच्या वेगाने गडग्यावर आदळणाऱ्या गाडीलाही नसतो.

२. एका अपघातात तीन अपघात

एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या माणसाला भौतिकशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की एसटी थांबते, आपण थांबत नाही. आपण पुढच्याच्या पाठीवर जातो.

मोटारीचं तेच. पहिला अपघात गाडी आणि गडग्याचा. गाडीचं नाक चेपतं आणि ती थांबते. आतला माणूस अजून त्याच पन्नासच्या वेगाने पुढे चाललेला असतो. तो स्टिअरिंगवर, काचेवर किंवा पुढच्या आसनाच्या पाठीवर आदळतो, हा दुसरा अपघात. तिसरा बाहेरून दिसतच नाही: शरीर थांबतं, पण आतला मेंदू कवटीवर आणि हृदय, यकृत वगैरे आपापल्या भिंतींवर आदळतात. अंगावर खरचटलंसुद्धा नसताना माणूस संध्याकाळी दगावतो, तो बहुधा या तिसऱ्यामुळे.

पट्ट्याचा संबंध दुसऱ्या अपघाताशी. झाडावरून टाकलेली कैरी आपण कशी झेलतो ते आठवा. हात ताठ ठेवले तर तळवा झिणझिणतो. हात कैरीबरोबर खाली नेले तर काही लागत नाही. कैरी तीच, वेगही तोच. फरक एवढाच, की तिला थांबायला जागा मिळाली.

गाडीचं नाक चेपतं तेव्हा अशीच जागा तयार होते, समजा अर्धा मीटर. पट्टा लावलेला माणूस गाडीला बांधलेला असतो, म्हणून तो गाडीबरोबर त्या अर्ध्या मीटरमध्ये थांबतो. न लावलेल्याला ती जागा मिळत नाही. तो पोहोचेपर्यंत गाडी थांबलेली असते आणि त्याच्या वाट्याला येतं ते डॅशबोर्डचं चार-पाच सेंटिमीटरचं दबणं. जागा एक दशांश, म्हणून अंगावर येणारा जोर दहापट.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पट्ट्यामुळे गाडीतल्या माणसाच्या मृत्यूचा धोका ५० टक्क्यांपर्यंत कमी होतो. हा आकडा मला कधी चमत्काराचा वाटला नाही. दहा पट जोर टाळायचा तर एवढं व्हायलाच हवं.

३. बशीतली सुपारी

"पण पट्टा आवळतो हो. जीव घुसमटतो."

ही तक्रार जुन्या पट्ट्यांबाबत खरी होती. विमानातल्यासारखा एकच आडवा पट्टा पोटावर बांधायचा, नाहीतर खांद्यावरून एक तिरका. दोन्हींत खोट. पोटावरचा पट्टा माणसाला कमरेत घडी घालून पुढे फेकायचा, आणि तिरक्या पट्ट्याखालून माणूस घसरायचा. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत नील्स बोहलिन नावाचे अभियंते होते. आधी ते साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत. संकटात वैमानिकाला बाहेर उडवायचं कसं, याचा विचार करणारा माणूस आता मोटारीत बसलेल्याला आत ठेवायचं कसं, याच्या मागे लागला. १९५९ साली त्यांनी दोन्ही पट्टे जोडून इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा, एका हाताने लावता येणारा तीन टोकांचा पट्टा आणला. कंपनीने पेटंट घेतलं, पण ते सगळ्यांना खुलं ठेवलं. म्हणून आज कुठल्याही कंपनीच्या गाडीत बसा, पट्टा बोहलिनचाच असतो.

सैल राहणं आणि ऐनवेळी घट्ट धरणं ही गंमत पुढे आली. ती समजून घ्यायला स्वयंपाकघरातली एक बशी आणि त्यात एक सुपारी घ्या. श्रीवर्धनी रोठा असेल तर उत्तम, ती चांगली गोल असते. बशी हळूहळू सरकवा. सुपारी तळाशीच डोलत राहते. आता बशी झटक्यात ओढा. सुपारी कडेवर चढते.

पट्ट्याच्या गुंडाळीजवळ साधारण असंच असतं: एका छोट्या वाटीत पोलादी गोळी आणि तिच्यावर टेकलेली एक पट्टी. गाडी अचानक थांबली की गोळी कडेवर चढते, पट्टीला वर ढकलते, पट्टी चाकाच्या दात्यात अडकते आणि गुंडाळी जागच्या जागी थबकते. एरवी तुम्ही पुढे वाका, मागे वळून पोरांवर ओरडा, पट्टा मुकाट सैल होतो. गुंडाळीला आणखी एक सवय असते: पट्टाच हिसका देऊन ओढला तरी ती अडकते. घाईत पट्टा ओढताना तो अडून बसतो आणि आपण त्याला शिव्या देतो, तेव्हा तो खरं तर आपलं काम चोख करत असतो.

आता राहिली "गाडी खाडीत पडली तर अडकून मरू" ही भीती. रेवदंड्याच्या पुलावरून जाताना ती कोणाच्याही मनात येईल. पण पाण्यात पडण्याचे किंवा पेट घेण्याचे अपघात एकूण अपघातांत फार थोडे. शिवाय बटण दाबून पट्टा काढायला माणूस शुद्धीवर लागतो. डोकं काचेवर आपटून बेशुद्ध झालेल्याला पट्टा नसल्याचा काय उपयोग?

४. "मी घट्ट धरलंय की!"

आता मांडीवरच्या बाळाकडे. आपल्या घरांत हा विषय काढणं अवघड, कारण इथे गाठ आजीशी असते. बाळाला वेगळ्या खुर्चीत बांधून ठेवायचं म्हणजे आजीला वाटतं, तिच्या मांडीवर अविश्वास दाखवला.

मांडीच्या मायेबद्दल वाद नाही. हिशेब वजनाचा आहे. बाळ दहा किलोचं. गाडी ताशी ५० वरून अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर त्या क्षणी प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे वीस पट जोराने पुढे जाऊ बघते. दहा किलोचं बाळ दोनशे किलोचं होतं, म्हणजे पन्नास किलोची तांदळाची चार पोती. आजीने, किंवा गावातल्या सगळ्यांत दणकट गड्याने, चार पोती हातांत तोलून दाखवावीत. तीही आधी कळवून नव्हे, डोळ्याची पापणी लवायच्या आत.

याहून वाईट म्हणजे आजीनेही पट्टा लावलेला नसतो. मग बाळ पुढच्या आसनाच्या आणि आजीच्या मधे सापडतं आणि आजीचं वीसपट वजन त्याच्यावर येतं. आणि काही जण मायेपोटी एकच पट्टा दोघांवरून लावतात. तसं केलं तर तो पट्टाच आजीच्या वजनासकट बाळाच्या पोटात रुततो. तिसरा प्रकार पुढच्या आसनावरच्या आईचा. तिथे समोर एअरबॅग असते. ती पापणी लवायच्या आत फुगते आणि तिच्या जागी मूल असेल तर तडाखा मुलालाच बसतो.

५. लहान मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे

मग बाळालाच गाडीचा पट्टा लावला तर? नाही चालत, आणि यामागचं कारण फार रंजक आहे.

पट्टा शरीराच्या हाडांवर टेकायला हवा: वर गळ्याच्या हाडावरून, खाली ओटीपोटाच्या हाडांवर. मोठ्या माणसाची ही हाडं पक्की असतात. (गरोदर बाईनेही पट्टा लावायचाच, फक्त खालचा भाग पोटावरून न नेता पोटाखालून न्यायचा.) पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला तर वरचा भाग मानेवर येतो आणि खालचा वर सरकून मऊ पोटावर. मूल वैतागून वरचा पट्टा काखेतून घेतं. मग तो असून नसल्यासारखा. म्हणून मूल साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला उंचावणारी बैठक, म्हणजे बूस्टर, लागते. वय विचारू नका, दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंचीच्या खुणा करता ना, त्या बघा.

तान्ह्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या लांबीचा चौथा हिस्सा नुसतं डोकं असतं, मोठ्यांत सातवा-आठवा. भोपळा लावलेली वेताची काठी डोळ्यांपुढे आणा. गाडी थांबली की भोपळा पुढे झेपावतो आणि सगळा ताण काठीवर, म्हणजे मानेवर. उपाय साधा आणि हुशार आहे: बाळाची खुर्ची उलटी, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून लावायची. मग डोकं, मान, पाठ सगळं एकदम खुर्चीच्या पाठीत दाबलं जातं. युरोपच्या नव्या मानकाप्रमाणे निदान पंधरा महिन्यांपर्यंत असं उलटं बसवावंच लागतं. स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंतची मुलं उलटी बसून जग मागे पळताना बघतात. अशा आसनांनी तान्ह्यांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. मोठ्यांच्या पट्ट्याहून हा फायदा मोठा आहे. अट एकच: उलटं आसन चालू एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या सीटवर, कधीच ठेवायचं नाही.

इथे गाडी घेणाऱ्यांसाठी एक कानगोष्ट. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची धडक-चाचणी सुरू झाली आणि शोरूममध्ये तारे मोजण्याची हौस वाढली. मुलांच्या सुरक्षेचे तारे वेगळे दिले जातात. पण चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे जे पुतळे असतात, ते लहान मुलांच्या आसनात बांधलेले असतात. कोणाच्या मांडीवर नव्हे. पंचतारांकित गाडी घेऊन बाळ मांडीवर ठेवलं, तर ते तारे त्याचे नाहीत.

आणि चौलमध्ये बसून हे लिहिताना एक गोष्ट खटकत राहते. इथली बहुतेक मुलं मोटारीत बसतच नाहीत. ती स्कूटरवर पुढे उभी असतात, नाहीतर आई-बाबांच्या मधे, नाहीतर मिनिडोरमध्ये दप्तरांसकट कोंबलेली. मोटारसायकलवरच्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढला: मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा, डोक्यावर हेल्मेट, वेग चाळीसच्या आत. वर्षभराने तो लागू झाला. आमच्या रस्त्यावर असा पट्टा लावलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही. सहा आसनी रिक्षात मुळात पट्टाच नसतो. म्हणजे हे सगळं प्रकरण मोटारवाल्यांसाठी, ही त्याची मर्यादा मान्य करूनच पुढे जाऊ.

६. विचारावं की बघावं?

पट्टा किती लोक लावतात, हे शोधायचं कसं? दोन वाटा. लोकांना विचारायचं, किंवा नाक्यावर उभं राहून गाड्यांत डोकावायचं.

मारुती सुझुकीने २०१७ मध्ये सतरा शहरांत पाहणी करवली. नियमित पट्टा लावणारे निघाले २५ टक्के. मागच्या आसनावर ४ टक्के. २०१९ मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशन आणि निस्सान इंडियाने खास मागच्या आसनाचा विचार करून दोन्ही वाटा चोखाळल्या. विचारल्यावर ७ टक्के लोक म्हणाले, आम्ही मागे बसलो तरी लावतो. प्रत्यक्ष गाड्यांत पाहिलं तर ९८ टक्क्यांहून जास्त प्रवाशांनी लावलेला नव्हता.

सात सांगतात, दोन भरत नाहीत. कोणी ठरवून खोटं बोलतं असं नाही. "रोज व्यायाम करता का?" या प्रश्नालाही माणूस आपल्या इराद्याचं उत्तर देतो, सवयीचं नव्हे. म्हणून पट्ट्याबद्दलची कुठलीही टक्केवारी वाचली की आधी बघावं, विचारून काढली आहे की बघून. आणि बघून काढली असेल तर कुठे उभं राहून? द्रुतगती मार्गाच्या टोलनाक्यावर उभं राहून काढलेला आकडा चौल नाक्याला लावता येणार नाही.

७. मेलेल्यांचा हिशेब

तिसरी वाट सरकारी अहवालाची. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय पोलीस ठाण्यांच्या नोंदींवरून दरवर्षी आकडे काढतं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतल्या १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता: ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. पोलिसाची नजर चालकावर असते, मरणाने मात्र असा भेद केलेला दिसत नाही.

पण अशा आकड्यांवरून पारावर एक युक्तिवाद हमखास होतो: "पट्टा लावलेलेसुद्धा मरतात की!" त्याला उत्तर म्हणून एक काल्पनिक उदाहरण सोडवू.

समजा, एकसारख्या अपघातांत सापडलेली २००० माणसं आहेत. पट्टा नसेल तर शंभरातली ४ दगावतात, असेल तर २. समजा, गाव इतकं शहाणं झालं की २००० पैकी १८०० जण पट्टा लावतात. त्यांच्यातले ३६ दगावतील. न लावणाऱ्या २०० जणांतले ८. दुसऱ्या दिवशी बातमी येईल: ४४ मृतांपैकी ३६ जणांनी पट्टा लावलेला होता! आणि पारावर कोणीतरी म्हणेल, बघा, पट्टा लावणारेच जास्त मेले. पण कोणीच लावला नसता तर मृत ८० असते. वाचलेली ३६ माणसं बातमीत येत नाहीत, ती घरी बसून चहाबरोबर ती बातमी वाचत असतात.

८. सवय कशी लागते?

माणसं समजावल्याने पट्टा लावतात का? जगाचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही.

पट्टा लावण्याची सक्ती जगात प्रथम केली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने, १९७० च्या डिसेंबरात. ब्रिटनमध्ये पुढच्या आसनांसाठी सक्ती आली ३१ जानेवारी १९८३ ला. तोवर वर्षानुवर्षे जाहिराती करून दहातले चारच लोक पट्टा लावत होते. कायदा आल्यावर बघता बघता नऊच्या वर गेले. सगळ्यांत बोलकं उदाहरण पश्चिम जर्मनीचं. तिथे १९७६ मध्ये कायदा झाला, पण मोडला तर दंड नाही. पट्टा लावणारे साठ टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिले. ऑगस्ट १९८४ मध्ये दंड आला आणि आकडा नव्वदीपार गेला. शिस्तीसाठी ज्यांचे दाखले आपण देतो, ते जर्मन!

अमेरिकेने वेगळाच घोळ घातला. १९७४ च्या नव्या गाड्या पट्टा लावल्याशिवाय सुरूच होत नसत. लोक इतके चिडले की त्याच वर्षी संसदेने ती सक्ती काढून टाकली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पट्टा लावणारे अवघे १४ टक्के होते. आपल्या आजच्या स्थितीवर हसणाऱ्या अमेरिकेतल्या पुतण्याला हे जरूर सांगावं. आज तिथे नव्वदीत आहेत, पण मधे एकेका राज्याने कायदा करण्यात आणि तो राबवण्यात चाळीस वर्षं गेली. मुलांच्या आसनाचा पहिला कायदा मात्र त्याआधीचा: टेनेसी राज्यात तो १९७८ पासून लागू झाला. मोठ्यांना स्वातंत्र्य हवं होतं, मुलांना बांधायला हरकत नव्हती. आपल्याकडे नेमकं उलटं आहे.

आपला कायदा कमकुवत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम पुढच्या आसनांसह मागच्या, पुढे तोंड असलेल्या आसनांवरच्या प्रवाशांनाही पट्टा सांगतो. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या सुधारणेत कलम १९४-ब आलं: पट्टा न लावल्यास हजार रुपये, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनात न बसवल्यासही हजार. मुलाचा स्वतंत्र उल्लेख त्यात आहे, हे कितीतरी पालकांना ठाऊकच नसतं.

त्याच वर्षीच्या जुलैपासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही आसनांना, पट्टा न लावल्यास वाजणारी 'टुंग-टुंग' आली. तिच्यावरही आपण तोड काढली: पट्ट्याच्या जिभेचं नुसतं टोक विकत घ्यायचं आणि खटक्यात खुपसून ठेवायचं. कोणावर विठ्ठल-रखुमाई, कोणावर बाटली उघडायची सोय. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या. अशा १३,११८ नोंदी हटवल्या गेल्या. हजाराचा दंड वाचवायला नव्हे, नुसता आवाज बंद करायला पैसे मोजणारी माणसं इतकी होती. देवाची मूर्ती खटक्यात अडकवून तिच्याच भरवशावर गाडी हाकणाऱ्याला मी तरी काय समजावणार?

९. मागची सीट

मागची सीट म्हणजे आपल्याकडे मानाची जागा. साहेब मागे, पाहुणे मागे, आजी-आजोबा मागे. मान आहे म्हणून पट्टा नाही.

३ जून २०१४ ला दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीने धडक दिली आणि ते गेले. ते मागच्या आसनावर होते. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर जाहीरपणे मागच्या पट्ट्याची आठवण करून दिली. काही दिवस चर्चा झाली, विरली. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी भारी, एअरबॅगा सज्ज. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मागच्या आसनावरचे मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. दोघांनी पट्टे लावले नव्हते. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा असल्याचं जाहीर केलं. नियम जुनाच होता, आठवण नवी.

मागे बसणाऱ्याला वाटतं, पुढच्या सीटची गादी आहे की समोर. पण ती गादी म्हणजे पुढच्या माणसाची पाठ. पट्टा न लावलेला साठ किलोचा माणूस धडकेच्या क्षणी बाराशे किलोच्या जोराने तिच्यावर जातो. जपानमधल्या अपघातांचा एक अभ्यास २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मागच्यांनी पट्टा लावला नसेल तर पट्टा लावून पुढे बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असं त्यात निघालं. "माझा जीव, माझी मर्जी" हे मागच्या सीटवरून म्हणायची सोयच राहत नाही.

गेल्या मार्गशीर्षात भोवाळ्याच्या दत्ताच्या यात्रेला आत्या आली होती. परतताना मेहुण्यांच्या नव्या गाडीत मागे बसली, मांडीवर दीड वर्षाचा नातू. हे प्रकरण तेव्हा डोक्यात घोळत होतं, म्हणून मी म्हटलं, "आत्या, पट्टा लाव. आणि बाळाची खुर्ची डिकीत पडलीय, ती काढू."

"लावते की. पण अडकवायचा कुठे रे?"

पट्टा खांद्याजवळ होता, खटका कुठेच दिसेना. मी आत वाकून बघितलं. सगळ्या सीटवर मखमली कव्हर ताणून बसवलेलं. खटके त्याच्याखाली, फटीत गाडलेले. बोटं घातली तर सुपारीचं साल, टोलची पावती आणि चिकट झालेली लिमलेटची गोळी हाताला लागली. खटका काही वर येईना.

"राहू दे आता," मेहुणे म्हणाले. "अडीच हजारांचं कव्हर आहे. पुढच्या वेळी बघू."

आत्या एव्हाना खाली उतरली होती. बाळ तिने माझ्या हातात दिलं, वाडीत गेली आणि पोफळं सोलायची सुरी घेऊन आली. मेहुणे तोंड फिरवून उभे राहिले. आत्याने कव्हर चाचपलं, खाली टणक लागलं तिथे बोट ठेवलं आणि तीन चिरा पाडल्या.